आखेनची पिवळी पोस्टगाडी: टेक्निकल युनिव्हर्सिटी आपल्या भागासाठी काय करू शकते आणि कुठे तिचे हात टेकतात

२०१३ च्या मध्यात जर्मनीतल्या आखेन शहरातला टालबोटचा कारखाना बंद झाला. टालबोट म्हणजे रेल्वेचे डबे बनवणारी कंपनी, १८३८ सालची, म्हणजे आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली त्याच्या पंधरा वर्षं आधीपासून तिथे हा धंदा सुरू होता. १९९५ मधे बॉम्बार्डिअर या कॅनडाच्या कंपनीने ती विकत घेतली, आणि पुढे युरोपातले कुठले कारखाने ठेवायचे नि कुठले नाही याचा हिशोब झाला तेव्हा आखेनवर फुली पडली. आता जर्मनीत जुना कारखाना बंद पडणं यात नवीन काही नाही. नवीन आहे ते पुढचं. त्याच आवारात थोड्याच काळात एक इलेक्ट्रिक डिलिव्हरी व्हॅन बनायला लागली, आणि ती गाडी कुठल्या ऑटो कंपनीची नव्हती, शहरातल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या दोन प्रोफेसरांनी काढलेल्या कंपनीची होती. नाव स्ट्रीटस्कूटर. नावात स्कूटर असली तरी चार चाकं, हे आधीच सांगून ठेवतो कारण प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतंच.

या प्रकरणावर सविस्तर लिहायचं कारण असं की "विद्यापीठाने आपल्या परिसराच्या विकासाला हातभार लावावा" हे वाक्य आपण प्रत्येक पदवीदान समारंभात ऐकतो, टाळ्या वाजतात, चहा होतो आणि संपलं. हातभार म्हणजे नक्की काय, तो कोणाच्या खिशापर्यंत पोचतो, किती वर्षं टिकतो हे कोणी बोलत नाही. आखेनमधे हे सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायला मिळतं, म्हणजे कल्पना, कंपनी, कारखाना, वाहवा, तोटा, विक्री, दिवाळं, आणि त्यानंतर मागे काय उरलं तेसुद्धा.

आधी थोडं गावाबद्दल. आखेन जर्मनीच्या अगदी पश्चिम टोकाला, तीन देशांच्या सीमा जिथे मिळतात तिथे, बसने वीस-पंचवीस मिनिटांत तुम्ही नेदरलँड्समधे असता. वस्ती अडीच लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशोबाने मध्यम तालुक्याचं शहर म्हणा. त्यात आरडब्ल्यूटीएच या टेक्निकल युनिव्हर्सिटीचे विद्यार्थी ४५ हजारांच्या घरात, वर तिथलंच अप्लाइड सायन्सेसचं वेगळं कॉलेज आहे त्याचे वेगळे. म्हणजे रस्त्यावर दिसणारा दर पाचवा माणूस स्टुडंट असू शकतो, आणि ऑक्टोबरमधे नवीन बॅच आली की पोंटश्ट्रासवर तर चारातले चार. युनिव्हर्सिटीचे पगारी लोकच दहा हजारांच्या आसपास आहेत, शिवाय मेलाटनला ते प्रचंड मोठं युनिव्हर्सिटी हॉस्पिटल, जे बाहेरून रिफायनरीसारखं दिसतं, सगळे पाइप बाहेर, आणि ते म्हणे संरक्षित वास्तू आहे.

पण हे गाव मुळात शिक्षणाचं नव्हतंच. कापड आणि सुया, हा इथला जुना धंदा. अजूनही आखेनचे लोक एकमेकांना करंगळी वर करून सलाम करतात, कारण सुयांच्या कारखान्यात खराब सुया करंगळीने बाजूला काढायची पद्धत होती. आणि शहराच्या उत्तरेला दगडी कोळसा. आल्सडोर्फ, हेर्त्सोगेनराथ, ह्यूकेलहोवेन ही सगळी खाणींची गावं. आल्सडोर्फच्या आना खाणीत ऑक्टोबर १९३० मधे स्फोट झाला त्यात अडीचशेहून जास्त माणसं गेली, त्या भागात आजही जुन्या कुटुंबांमधे त्या वर्षाचा उल्लेख निघतो.

आता युनिव्हर्सिटी इथे कशी आली ते बघण्यासारखं आहे. ऱ्हाइन प्रांतात पॉलिटेक्निक काढायचं ठरलं तेव्हा कोलोनलाही ते हवं होतं आणि कोलोन हे केव्हाही मोठं शहर. आखेनने बाजी मारली ती पैशांच्या जोरावर. डाविड हान्सेमान नावाच्या व्यापाऱ्याने १८२५ मधे एक आगविमा कंपनी काढली होती, तिच्या नफ्याचा मोठा वाटा लोकोपयोगी कामांसाठी द्यायचा असा नियमच केलेला होता, आणि तिथून पॉलिटेक्निकसाठी रक्कम उभी राहिली. १८६५ ला पायाभरणी, १८७० ला ऐन फ्रान्सशी युद्ध चालू असताना सुरुवात, २२३ विद्यार्थी. म्हणजे स्थानिक उद्योगांना इंजिनियर हवे होते म्हणून स्थानिक उद्योगांच्या पैशांनी कॉलेज आलं. सरकारने वरून आणून ठेवलेलं नाही हे. पुढच्या सगळ्या गोष्टीत हे डोक्यात ठेवा, कारण कंपन्या आणि प्रोफेसर एका टेबलावर बसणं तिथे दीडशे वर्षांची सवय आहे, कोणी त्याला "इंडस्ट्री इंटरफेस सेल" असं नाव देऊन एक खोली आणि एक कपाट दिलेलं नाही.

मग खाणी गेल्या. एकदम नाही, एकेक करून. आनामधलं उत्खनन १९८३ ला थांबलं, आल्डनहोवेनजवळच्या झिअर्सडोर्फची एमिल मायरिश खाण डिसेंबर १९९२ मधे, ह्यूकेलहोवेनची सोफिया-याकोबा मार्च १९९७ मधे आणि ती शेवटची. कोळशाबरोबर कोळशावर जगणारं सगळंच गेलं, वर्कशॉप, वाहतूक, नाक्यावरची पबं. १९८३ मधेच शहर, आजूबाजूचे जिल्हे वगैरेंनी मिळून तंत्रज्ञान हस्तांतरासाठी एक संस्था काढली, आगिट तिचं नाव, आणि मग गावोगाव टेक्नॉलॉजी सेंटर नावाच्या इमारती उभ्या राहायला लागल्या. कल्पना सरळ होती, युनिव्हर्सिटीतून निघणाऱ्या लहान कंपन्यांना जुन्या खाणपट्ट्यात जागा द्यायची, तिथे नोकऱ्या होतील.

इथवर पार्श्वभूमी झाली. आता गाडी.

गुंथर शू हे आरडब्ल्यूटीएचमधले प्रॉडक्शन इंजिनियरिंगचे प्रोफेसर, डब्ल्यूझेडएल या मशीन टूल इन्स्टिट्यूटच्या प्रमुखांपैकी एक. आखिम काम्पकर त्यांच्याच इन्स्टिट्यूटमधून वर आलेले. ही माणसं इंजिनची नाहीत, गाडी "कशी बनवायची" या विषयातली आहेत आणि हा फरक महत्त्वाचा आहे. मोठी ऑटो कंपनी गाडी बनवते तेव्हा पत्र्याच्या प्रत्येक पार्टसाठी प्रचंड डाय म्हणजे साचे लागतात, प्रेस शॉप लागतं, त्यात इतका पैसा अडकतो की वर्षाला लाखभर गाड्या खपल्या तरच हिशोब जमतो. पिंपरी-चाकणमधे ज्याने टूल रूमचं एक तरी कोटेशन पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. या दोघांचं म्हणणं असं की इलेक्ट्रिक गाडी सुरुवातीला थोडीच खपणार, मग थोड्या गाड्या स्वस्तात बनवायची पद्धत शोधा, नाहीतर इलेक्ट्रिक गाडी कायम श्रीमंतांचं खेळणं राहील. स्टीलचा सांगाडा, वरून प्लास्टिकचे पॅनल, पार्ट बनवणाऱ्या मध्यम आकाराच्या कंपन्यांना पहिल्या दिवसापासून डिझाइनमधेच बसवायचं, सगळ्यांनी एकाच सॉफ्टवेअरवर काम करायचं.

२०१० मधे कंपनी काढली. २०११ च्या फ्रँकफुर्टच्या ऑटो शोमधे एक छोटी शहरी कार दाखवली. ती कार पुढे कधी धडपणे रस्त्यावर आली नाही, पण ती बघून डॉइश पोस्ट या जर्मन टपाल कंपनीची माणसं आली. पोस्टाला इलेक्ट्रिक डिलिव्हरी गाडी हवी होती आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे मोठ्या गाडी कंपन्यांनी काही उत्साह दाखवला नव्हता. मोठ्या कंपनीच्या जागी स्वतःला ठेवून बघा, काही हजार गाड्यांसाठी नवीन मॉडेल कोण काढेल? आखेनवाल्यांना तर हेच सिद्ध करायचं होतं.

ही गाडी जवळून बघितली की कळतं ती कोणाशी बोलून बनवलीय. पोस्टमन दिवसाला दोनशे-तीनशे वेळा गाडी थांबवतो, उतरतो, चढतो, निघतो. पेट्रोल-डिझेल गाडीचा क्लच, स्टार्टर, दार, सीटची कड सगळं यातच झिजतं. म्हणून इथे दारं आणि सीट दणकट, ड्रायव्हरशेजारी माणसाला बसायला जागाच नाही, तिथे पत्रांचे ट्रे ठेवायची सोय, मागे चार घनमीटरचा खोका. वेग ताशी ८० च्या आसपास, रेंजही पहिल्या मॉडेलला ८० किलोमीटरच्या आसपास, कारण शहरातली पोस्टाची फेरी त्याच्या आतच संपते आणि रात्री गाडी डेपोत उभीच असते चार्जिंगला. बंपर किंवा बाजूचं पॅनल फुटलं तर तेवढंच काढून दुसरं लावायचं, रंगकाम वगैरे भानगड नाही. फॅन्सी म्हणावं असं काही नाही. आतून बघितलं तर आपल्या छोट्या टेम्पोची आठवण येते, फक्त आवाज नाही. टेक्निकल युनिव्हर्सिटीतून निघालेली वस्तू म्हटल्यावर लोकांना काहीतरी चमचमतं अपेक्षित असतं, आणि इथे सगळी हुशारी गाडीतून काय काय काढून टाकायचं यात खर्च झालेली होती. मला विचाराल तर स्ट्रीटस्कूटरमधलं खरं संशोधन हेच.

२०१३ पासून बॉन भागात चाचणीच्या गाड्या फिरायला लागल्या, बॉन म्हणजे पोस्टाचं मुख्यालय, तिथे डिलिव्हरी कार्बनमुक्त करायचा प्रयोग होता. डिसेंबर २०१४ मधे पोस्टाने अख्खी कंपनीच विकत घेतली. आणि गाड्या बनायच्या कुठे, तर यूलिशर श्ट्रासवर, टालबोटच्या आवारात. वेल्डिंग, असेंब्ली, वायरिंग येणारी माणसं शहरात होतीच, डबे बनवून बनवून हात तयार झालेले. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो आणि यावर कमी लिहिलं जातं. प्रोफेसरांचं कौतुक सगळे करतात, पण २०१३ मधे शहरात रिकामा शेड आणि कुशल कामगार दोन्ही नसते तर ही गाडी कुठेतरी दुसरीकडे बनली असती, आणि आखेनकडे फक्त पेपर आणि पीएचडी उरल्या असत्या.

नंतरची दोन-तीन वर्षं म्हणजे नुसती हवा होती. २०१६ मधे फोक्सवागनचे तेव्हाचे प्रमुख जाहीरपणे म्हणाले की पोस्टाने स्वतः गाडी बनवली याचा आपल्याला भयंकर राग आलाय, आपल्याकडे का नाही आले. आखेनमधे लोकांनी हे वाक्य मेडलसारखं मिरवलं. २०१७ मधे फोर्डच्या सांगाड्यावर मोठी व्हॅन आली, ती कोलोनला फोर्डच्या कारखान्यात बनायची. २०१८ मधे शेजारच्या ड्यूरेनमधे दुसरा कारखाना सुरू झाला, तोही एका ऑटो पार्ट कंपनीच्या जागेतच. दोन्ही ठिकाणं मिळून वर्षाला वीस हजार गाड्या काढायची क्षमता झाली. पिवळ्या गाड्या जर्मनीभर दिसायला लागल्या. तेव्हा आखेनला येणाऱ्या आपल्या पोरांना सीनियर लोक गाव दाखवताना त्या गाडीकडे बोट दाखवून सांगायचे, ही आपल्या युनिची.

आणि मग गणित बसेना. वीस हजारांची क्षमता केली पण पोस्ट सोडून बाहेरचं गिऱ्हाईक त्या प्रमाणात आलं नाही. थंडीत रेंज कमी पडते अशा पोस्टमनांच्या तक्रारी पेपरात आल्या, जे कुठल्याही इलेक्ट्रिक गाडीला होतं पण मुळात रेंज ८० असताना ते जास्त बोचतं. दरम्यान मोठ्या कंपन्या जाग्या झाल्या आणि त्यांच्या इलेक्ट्रिक व्हॅन बाजारात आल्या, त्यांच्यामागे डीलर, सर्व्हिस, स्पेअर पार्टचं जाळं तयार. थोड्या गाड्या स्वस्तात बनवायची पद्धत चांगलीच होती, पण वर्षानुवर्षं गाडी विकायला आणि सांभाळायला लागणारं जाळं ती पद्धत देत नाही. शिवाय मालक कोण तर पोस्ट, ज्यांचा धंदा पार्सल पोचवायचा. शेअरहोल्डर विचारणारच की आपण गाडी कंपनी कशाला चालवतोय. काम्पकर २०१९ मधे कंपनीतून बाहेर पडले. फेब्रुवारी २०२० मधे पोस्टाने जाहीर केलं की उत्पादन गुंडाळणार, त्यापायी ३० ते ४० कोटी युरोंचा बोजा हिशोबात दाखवणार. प्रत्यक्षात उत्पादन ठरल्यापेक्षा जास्त चाललं, कारण गंमत म्हणजे पोस्टाला स्वतःलाच गाड्या लागत होत्या. २०२२ च्या सुरुवातीला कंपनी लक्झेंबर्गच्या एका गुंतवणूक गटाला विकली, तिचं नाव बदलून बी-ऑन झालं, आणि २०२३ मधे तिनेही दिवाळखोरीचा अर्ज केला.

याच काळात शू यांनी दुसरी कंपनी काढली होती, ई-गो. २०१५ मधे स्थापना, सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी इलेक्ट्रिक कार, कारखाना आखेनच्याच रोटे एर्डे भागात. पहिल्या गाड्या २०१९ मधे ग्राहकांच्या हातात, तेही उशीर होत होत, २०२० मधे दिवाळखोरी, मग नवीन गुंतवणूकदार, २०२३ मधे अमेरिकेच्या शेअर बाजारात नोंदणी, २०२४ मधे परत दिवाळखोरी. यावर फार लिहीत नाही. पोस्टासारखं एक पक्कं गिऱ्हाईक पाठीशी असताना जे कठीण गेलं ते एकेक ग्राहकाला कार विकून जमेल असं कशावरून वाटलं हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

तर मग हे सगळं फुकट गेलं का? आखेनमधे दोन गट आहेत आणि दोन्ही गटांचं थोडं थोडं बरोबर आहे. एक म्हणतो प्रोफेसरांनी शिकवावं, कारखाने काढू नयेत. दुसरा म्हणतो प्रयत्न तरी झाला, बाकी युनिव्हर्सिटी काय करतात, रँकिंगच्या बॅनरला दोऱ्या बांधतात.

माझं मत बनलं ते त्याच युनिव्हर्सिटीतून निघालेल्या दुसऱ्या दोन कंपन्या बाजूला ठेवून बघितल्यावर. एक म्हणजे आयक्स्ट्रॉन. १९८३ मधे सेमीकंडक्टर इन्स्टिट्यूटमधून निघालेली. ही कंपनी चिप किंवा एलईडी बनवत नाही, ते बनवायला लागणारी मशिनं बनवते, ज्यात गॅसमधून अणूंचे पातळ थर वेफरवर, म्हणजे चिप ज्यातून कापतात त्या चकतीवर, चढवतात. जगात इतक्या ठिकाणी ही मशिनं लागली की २०१६ मधे एका चिनी गुंतवणूकदाराने कंपनी घ्यायला काढली तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी, ओबामांनी, स्वतः आडकाठी घातली. मुख्यालय हेर्त्सोगेनराथ, म्हणजे जुनं खाणगाव. चढउतार तिनेही भरपूर पाहिले पण चाळीस वर्षांनंतर ती तिथेच आहे. दुसरी एफईव्ही. १९७८ मधे फ्रान्त्स पिशिंगर या इंजिनच्या प्रोफेसरांनी काढली, इंजिन डिझाइन आणि टेस्टिंग दुसऱ्यांना करून देणारी कंपनी, आज हजारो लोक जगभर, आणि आपल्या पुण्याजवळ तळेगावला त्यांचं टेक्निकल सेंटर आहे. पुण्यातून आखेनला मास्टर्स करायला जायचं, तिथे एफईव्हीत थिसिस करायचा आणि मग त्याच कंपनीच्या लोकांशी तळेगावला बसून मीटिंग करायच्या, असा प्रवास केलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत.

या दोन्हींत आणि स्ट्रीटस्कूटरमधे फरक कसला? त्या कंपन्या ज्ञान किंवा यंत्र विकतात, आणि त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे दुसरे इंजिनियर. युनिव्हर्सिटीची ताकद तिथे थेट लागू पडते, दरवर्षी नवीन पोरं, नवीन थिसिस, जुने विद्यार्थी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. लोकांना विकायची वस्तू काढली की युनिव्हर्सिटीचं बळ पहिल्या हजार गाड्यांपर्यंत पुरतं आणि पुढे लागतं ते भांडवल आणि सहन करायची ताकद, जी आखेन शहराकडे नव्हती आणि पोस्टाकडे होती पण इच्छा नव्हती. एवढंच या प्रकरणातून मला ठामपणे म्हणता येतं.

पण इथे एक अडचण येते आणि ती कडू आहे. ज्या कंपन्या टिकल्या त्या कोणाला नोकरी देतात? आमच्यासारख्यांना. मास्टर्स, पीएचडी, इंग्लिशवर भागतं, जर्मन यथातथा. मोठा हिस्सा बाहेरगावचा आणि बाहेरदेशचा. जर्मनीत आता परदेशी विद्यार्थ्यांमधे भारतीय सगळ्यात जास्त आहेत आणि आरडब्ल्यूटीएचच्या मेन्सात मराठी ऐकू न येता जेवण झालं असा दिवस कमी. फी नाही, दर सेमिस्टरला काहीशे युरोंचं शुल्क आणि त्यातच बस-ट्रेनचा पास, वर इन्स्टिट्यूटमधे हिवीचं काम म्हणजे तासावर पगार. आपल्यासाठी उत्तमच. पण ज्याचे आजोबा आनात आणि वडील टायरच्या कारखान्यात होते त्याच्यासाठी काय? हा प्रश्न हवेतला नाही. सप्टेंबर २०२० मधे काँटिनेंटलने रोटे एर्डेचा टायर कारखाना बंद करायचं जाहीर केलं, १८०० लोक, २०२२ अखेर तो बंद झालाही. म्हणजे ज्या वर्षी स्ट्रीटस्कूटर गुंडाळायची घोषणा झाली आणि ई-गो पहिल्यांदा बुडाली त्याच वर्षी. शिफ्टमधे काम करणाऱ्या, पदवी नसलेल्या माणसाच्या नजरेने २०२० बघा, युनिव्हर्सिटीचं हे सगळं कौतुक कसं वाटेल. स्ट्रीटस्कूटरची खरी किंमत मला इथे दिसते, कारण युनिव्हर्सिटीतून निघालेल्या कंपन्यांमधे असेंब्ली लाइनवरच्या माणसाला मोठ्या संख्येने काम देऊ शकेल अशी तीच एक होती. आयक्स्ट्रॉन ते कधीच करणार नव्हती. म्हणून "प्रोफेसरांनी कारखाने काढू नयेत" हे म्हणणं मला पटत नाही. काढावेत, पण गिऱ्हाईक एकच आहे हे माहीत असताना ड्यूरेनचा दुसरा कारखाना काढायची घाई करू नये. त्यात पोस्टाचा हात जास्त होता हे मान्य.

गावात आणखी एक बाजू बोलली जाते, घरांची. ४५ हजार पोरं म्हणजे खोल्यांची मारामारी, पाहिजे ते भाडं. शहराच्या मधल्या भागात जुन्या कामगार वस्त्यांमधल्या मोठ्या घरांचे तुकडे होऊन चार-चार जणांना दिले जातात. घरमालक खूश, बेकरीवाला खूश, दोन मुलांचं कुटुंब शहराबाहेर. युनिव्हर्सिटी गावात पैसा आणते यात वादच नाही, पण तो पैसा आधी घरमालकाकडे जातो.

मागे उरलं काय ते आता बघू. काम्पकर युनिव्हर्सिटीत आहेत, त्यांची इलेक्ट्रिक गाड्यांच्या पार्टच्या उत्पादनावरची चेअर, म्हणजे प्रोफेसरच्या हाताखालचा विभाग, नाव पीईएम, बॅटरी सेल कसे बनवायचे यावर आज तिकडे ज्यांना विचारलं जातं त्यांच्यात येते. स्ट्रीटस्कूटरमधे ज्यांनी हात भाजून घेतले ते लोक सप्लायर कंपन्यांमधे, इन्स्टिट्यूटमधे, दुसऱ्या स्टार्टअपमधे पसरले. पोस्टाकडे हजारोंनी गाड्या राहिल्या आणि त्या पिवळ्या गाड्या अजून रस्त्यावर दिसतात, म्हणजे वस्तू म्हणून गाडी नापास नव्हतीच. आणि झिअर्सडोर्फला, जिथे एमिल मायरिश खाण होती, तिथल्या जमिनीवर आल्डनहोवेनचा टेस्ट ट्रॅक आहे, आरडब्ल्यूटीएच आणि ड्यूरेन जिल्हा यांनी मिळून काढलेला, कुठल्याही कंपनीला भाड्याने मिळतो. गोल ओव्हल, ब्रेकसाठी ओला पट्टा, चढ, आणि ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या गाड्यांसाठी खोटं शहर. बाजूला खाणीचा पांढरा काँक्रीटचा टॉवर अजून उभा. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सगळ्यात शहाणी गुंतवणूक हीच, कारण गाडी कोणाचीही चालो वा बुडो, ट्रॅकचं भाडं येत राहतं.

आता पुढचा अंक सुरू झालाय आणि तो आकाराने मोठा आहे. आखेन आणि कोलोनच्या मधे लिग्नाइटच्या, म्हणजे तपकिरी कोळशाच्या, उघड्या खाणी आहेत, इंडेन, हामबाख, गार्त्सवायलर, काठावर उभं राहिलं तर समोरची कड धूसर दिसते एवढ्या. वाइसवायलरचं वीजकेंद्र आणि इंडेनची खाण २०२९ मधे बंद होणार, गार्त्सवायलर २०३० मधे. यासाठी २०२० च्या कायद्याने ऱ्हाइनच्या या खाणपट्ट्याला २०३८ पर्यंत १४.८ अब्ज युरो ठरवलेत. पैसे कुठे जातायत बघितलं तर रिसर्च सेंटर, हायड्रोजन, बॅटरी, एआय, आणि प्रत्येक अर्जावर कुठे ना कुठे आरडब्ल्यूटीएच किंवा यूलिशच्या रिसर्च सेंटरचं नाव. स्वाभाविक आहे, अर्ज लिहायला त्यांच्याकडे माणसं आहेत. छोट्या गावाच्या महापौराकडे नाहीत.

म्हणून मी आता त्या सेंटरांच्या उद्घाटनांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीकडे लक्ष ठेवतो, जी रँकिंगमधे येत नाही. आरडब्ल्यूटीएच ही त्या भागातली अॅप्रेंटिस घेणाऱ्या मोठ्या संस्थांपैकी एक आहे. दहावी-बारावीनंतरची स्थानिक पोरं, शेकड्यांनी, युनिव्हर्सिटीच्या वर्कशॉपमधे लेथ-मिलिंग शिकतात, लॅब टेक्निशियन होतात, इलेक्ट्रॉनिक्स शिकतात. गणित आणि प्रोग्रॅमिंगचा एक कोर्स आहे, माट्से म्हणतात, त्यात पोरगं पहिल्या महिन्यापासून पगार घेतं आणि सोबत अप्लाइड सायन्सेसच्या कॉलेजची डिग्रीही करतं. इन्स्टिट्यूटमधे आमचे टेस्ट बेंच चालवायचे ते हेच लोक. आम्ही सीएडीत, म्हणजे कॉम्प्युटरवर, काढलेला पार्ट बनतच नाही हे पहिल्यांदा सांगायचे तेही तेच, आणि पार्ट खरंच बनायचा नाही. इंडेनला आज यंत्रांवर असलेल्या माणसाच्या मुलीला त्या वर्कशॉपमधे जागा मिळते का, आणि शिकून झाल्यावर तिला पट्ट्यातच काम लागतं का, की कोलोनची ट्रेन पकडावी लागते, हे २०३० नंतर दिसेल. अर्ज दरवर्षी निघतात, परदेशातून लागतं तसलं काही लागत नाही, शाळा सुटल्याचा दाखला आणि बऱ्यापैकी गणित.